पहिली मूठ धण्यांची

एप्रिल-मे महिना लागला, की आम्हां परळ-लालबागकडच्या बायकांचे पाय आपोआप मिरची गल्लीकडे वळतात. मिरच्या निवडून घ्यायच्या, देठं काढायची, उन्हात खडखडीत वाळवायच्या, धणे-खोबरं-तीळ भाजायचे आणि पिशव्या घेऊन डंकापुढच्या रांगेत जाऊन बसायचं. नाकाला पदर लावून शिंका देत बसलेल्या त्या रांगेत निम्म्या मुंबईच्या घरगुती बातम्या कळतात!

यंदा मी फक्त गोडा मसाला कुटून आणला. घरी येऊन डबा उघडला, तर वास काही वेगळाच. खोबऱ्याचा, दगडफुलाचा ओळखीचा वास होता. पण त्याच्या मागून बडीशेप आणि तिखट मिरची डोकावत होती. मी हबकले. वर्षाचा मसाला! माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच, की आपलंच काहीतरी चुकलं. नागकेशर जास्त भाजलं का? तमालपत्र जुनं होतं का? दोन दिवस मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी चिमूटभर मसाला तळहातावर घेतला, चोळला, हुंगला आणि म्हणाल्या, "अगं, तुझं काहीच चुकलेलं नाही. तुझ्या आधी कुणाचा मालवणी मसाला कुटला असेल, तो उखळात राहिलेला. तू आधी धणे घातले नव्हतेस का?"

"धणे? ते तर मसाल्यात होतेच की."

"ते नव्हेत गं. आम्ही डंकावर गेलो, की पहिल्यांदा मूठभर कोरे धणे कुटून घ्यायचो आणि हुंगायचो. त्यांना नुसता धण्यांचाच वास आला, तर उखळ स्वच्छ. दुसरा कसला वास आला, तर अजून एक मूठ. मग आपला मसाला. त्या पहिल्या मुठीचे धणे वेगळ्या पुडीत बांधायचे."

बघा, इतकी साधी गोष्ट. पण मला कुणी सांगितली नव्हती, आणि मीही कधी विचारली नव्हती. हे सगळं आज लिहायचं कारण मात्र मसाला नाही. कारण आहे शनीचा एक चंद्र!

त्याच आठवड्यात आमच्या वाडीतल्या मंडळाची सुट्टीतली वक्तृत्व स्पर्धा होती. आमची मुलगी यंदा नववीतून दहावीत गेली. तिने विषय घेतला होता 'दूरच्या चंद्रांवरचे यंत्रमानव'. भाषण लिहून तिनं मला दाखवलं. सुरुवातच अशी: "शनीच्या चंद्रावर जीवसृष्टी सापडली! यंत्रमानवाने लावला शोध!"

मी म्हटलं, "हे कुठून आणलंस?"

"मामानं व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं."

मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. विज्ञान म्हटलं, की मला अजून शाळेतली परीक्षानळी आठवून घाम फुटतो. पण मराठी शिकवणारीला एवढं नक्की कळतं, की 'सापडली' आणि 'शोधत आहेत' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. मग आम्ही मायलेकी दोन संध्याकाळ पुस्तकं, कात्रणं आणि शास्त्रसंस्थांची पत्रकं घेऊन बसलो. जे समजलं, ते आपल्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे, हे यंत्रमानव प्रामुख्यानं जीव शोधायला निघालेले नाहीत. ते शोधतात जिवाचं साहित्य. फळीवर धणे, मिरची, खोबरं मांडलेलं आहे, म्हणून घरात आमटी शिजलीच असं कुणी म्हणेल का? पण साहित्यच नसेल, तर आमटी होणार नाही हेही खरंच. जिवाचं साहित्य म्हणजे पाणी आणि कार्बनची काही रसायनं. त्यातली अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. डाळीतली, दुधातली, अंड्यातली प्रथिनं याच विटांची बनलेली असतात.

या विटा निर्जीव वस्तूंपासून आपोआप तयार होऊ शकतात का? १९५२ साली शिकागोमध्ये स्टॅनली मिलर नावाच्या विद्यार्थ्यानं काचेच्या भांड्यांत पाणी, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन घेतले, पाणी उकळत ठेवलं आणि वाफेत विजेच्या ठिणग्या पाडल्या. काही दिवसांत पाणी तांबूस झालं आणि त्यात अमिनो आम्लं मिळाली. जीव नव्हे हं, फक्त विटा!

अशा विटा आकाशातही आहेत. बेनू नावाच्या लघुग्रहावरची माती अमेरिकेच्या एका यानानं सप्टेंबर २०२३मध्ये पृथ्वीवर आणून पोचवली. सगळी मिळून सुमारे १२१ ग्रॅम, म्हणजे आपली अर्धी वाटी. जानेवारी २०२५मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं, की सजीव जी २० अमिनो आम्लं वापरतात, त्यांपैकी १४ या मातीत आहेत.

इथं मुलीनं मला नेमका प्रश्न विचारला. "आई, पण ती पृथ्वीवरच माणसांच्या हातून लागली नसतील कशावरून?"

याचं उत्तर मजेशीर आहे. बहुतेक अमिनो आम्लं चपलांसारखी डावी आणि उजवी अशा दोन घडणींची असतात. पृथ्वीवरचे सजीव आपली प्रथिनं बांधताना फक्त डावी वापरतात. बेनूच्या मातीत डावी-उजवी जवळजवळ सारख्या प्रमाणात निघाली. नुसती डावी असती, तर आधी आपल्याच हाताचा संशय घ्यावा लागला असता.

हे वाचलं आणि मला एकदम सासूबाईंची धण्यांची मूठ आठवली. या सगळ्या शोधाचं मर्म तेच आहे. जे सापडलं ते तिथलं, की आपल्याच उखळातलं?

आता त्या चंद्रांकडे जाऊ. शनीचा सगळ्यात मोठा चंद्र टायटन. त्याला दाट हवा आहे, मुख्यतः नायट्रोजनची, आपल्यासारखीच. पण थंडी म्हणाल, तर शून्याखाली १७९ अंश! तिथलं पाणी दगडासारखं गोठलेलं. पाऊस पडतो तो मिथेनचा, आणि तळी भरतात तीही मिथेन-इथेनची. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स नावाची कुपी पॅराशूटनं तिथं उतरली आणि तासाभराहून थोडा अधिक वेळ जमिनीवरून माहिती पाठवत राहिली. तिच्या फोटोत नदीपात्रात असतात तसे गुळगुळीत गोटे दिसतात. ते गोटे बर्फाचे आहेत.

टायटनच्या हवेत वरच्या वर सूर्यप्रकाशानं मिथेन-नायट्रोजनची मोडतोड होते, नवी मोठी रसायनं जुळतात आणि चुलीवरच्या छताला काजळी धरावी तशी ती जमिनीवर साठत राहतात. साहित्याचा डबा भरलेलाच म्हणा ना. या डब्यात काय काय आहे आणि ते एकमेकांत कितपत मुरलंय हे पाहायला 'ड्रॅगनफ्लाय' नावाचं यंत्र जाणार आहे. ड्रॅगनफ्लाय म्हणजे आपला पावसाळ्यात उडणारा चतुर. लहान मोटारीएवढं, आठ पात्यांच्या जोरावर उडणारं हे यान जुलै २०२८मध्ये निघून २०३४मध्ये पोचावं, अशी अमेरिकेच्या नासाची योजना आहे. तिथं गुरुत्व आपल्या एक सप्तमांश आणि हवा आपल्या चौपट दाट, त्यामुळे उडणं इथल्यापेक्षा सोपं. ते एका ठिकाणी उतरेल, जमीन खरवडेल, व्हॅक्यूम क्लीनरसारखं भुकटी ओढून घेईल, तपासेल आणि पुढच्या ठिकाणी उडेल.

तिथं सेल्क नावाचं एक मोठं विवर आहे. प्राचीन काळी काहीतरी आदळून ते झालं, तेव्हा त्या उष्णतेनं बर्फ वितळून काही काळ पाणी राहिलं असावं. काजळीतली रसायनं आणि पाणी एकत्र आल्यावर काय शिजलं, ते पाहायचं आहे. पृथ्वीवरून शनीपर्यंत संदेश पोचायला तासाभराहून जास्त वेळ लागतो. म्हणून तिथं 'डावीकडे वळ, सांभाळून' असं सांगत बसता येत नाही. लेकीला परगावी पाठवताना जसं सगळं आधीच शिकवून पाठवावं लागतं, तसंच.

शनीचा दुसरा चंद्र एन्सेलेडस. याचा व्यास जेमतेम ५०० किलोमीटर. मुंबईहून गाडीनं गोव्याला जायला याहून जास्त अंतर पडतं. पण या चिमुकल्याच्या बर्फाच्या कवचाखाली खारा समुद्र आहे आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून त्याचे फवारे उडतात. कॅसिनी यान २००४ ते २०१७ शनीभोवती फिरत होतं. ते या फवाऱ्यांतूनच आरपार गेलं. पाणी, मीठ, कार्बनची रसायनं, हायड्रोजन असं एकेक सापडत गेलं. २०२३मध्ये कॅसिनीच्याच जुन्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी सांगितलं, की या समुद्रातून आलेल्या कणांत फॉस्फेटही आहे. फॉस्फरस म्हणजे आपल्या हाडांतला, दातांतला आणि पेशीपेशीतला. साहित्याच्या यादीतली आणखी एक वस्तू मिळाली. मामांच्या व्हॉट्सॲपवरची 'जीवसृष्टी सापडली' ही बातमी बहुधा अशाच कुठल्या बातमीला फोडणी देऊन केलेली असावी.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं झालं. आपल्याकडे काय? तर ऐका. आपल्याकडे हाच शोध चंद्रावर जाऊन नव्हे, पण आभाळात घेतला गेला आहे, आणि त्यात धण्यांची मूठ कशी जपायची याचा धडाच आहे.

डॉ. जयंत नारळीकर हे नाव आपल्या घराघरात ठाऊक आहे. कोल्हापुरात जन्मलेले, केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याबरोबर काम केलेले नारळीकर १९७२ साली भारतात परतले आणि आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. पुढे पुण्याची आयुका त्यांनी उभी केली. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांचे गुरू हॉईल यांचं मत असं होतं, की पृथ्वीवर जीव बाहेरून, अंतराळातून आला. ते खरं असेल, तर आजही वरून सूक्ष्म जीव खाली येत असायला हवेत. मग वर जाऊनच पाहावं, असं ठरलं.

हैदराबादला टाटा संस्थेचंच फुगे सोडण्याचं केंद्र आहे. तिथून जानेवारी २००१मध्ये आणि पुन्हा एप्रिल २००५मध्ये असे महाकाय फुगे सोडले गेले. दुसरा फुगा २ कोटी ६७ लाख घनफुटांचा होता. त्याच्याखाली ४५९ किलोचं सामान. त्यात पोलादाच्या १६ नळ्या, आतली हवा पूर्ण काढलेल्या आणि निर्जंतुक केलेल्या. त्या बुडवलेल्या होत्या द्रवरूप निऑनमध्ये. निऑन म्हणजे दुकानांच्या पाट्यांच्या दिव्यांतला वायू. तो द्रव होतो शून्याखाली सुमारे २४६ अंशांना. फ्रिजमधल्या बाटलीवर बाहेरची दमट हवा थेंब होऊन धरते ना, तशी या थंडगार नळीत शिरलेली हवा आत गोठून बसते आणि मागची हवा ओढली जाते. त्यामुळे विरळ हवेतूनही पुरेसा नमुना मिळतो. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर या नळ्या भरल्या गेल्या. आपली प्रवासी विमानं दहा-बारा किलोमीटरवरून जातात, म्हणजे केवढं वर ते पाहा! नंतर सगळं सामान पॅराशूटनं खाली आलं.

नमुने एकाच ठिकाणी तपासले नाहीत. काही हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेत आणि काही पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात. दोन्हीकडे सारखी रीत, पण तपासणी स्वतंत्र. एकाच घरातल्या दोघींनी आमटी चाखण्यापेक्षा शेजारणीला चाखायला दिलेली बरी, नाही का?

निघालं काय? जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती. त्यांतल्या तीन जिवाणूंच्या जाती अगदी नव्या, आधी कुणी न नोंदवलेल्या, आणि अतिनील किरणांना आपल्या भाऊबंदांपेक्षा जास्त दाद न देणाऱ्या. एकीला हॉईल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं.

मैत्रिणींनो, इथं क्षणभर थांबा. हॉईल यांचा शिष्य. गुरूंचं आयुष्यभराचं म्हणणं. हाती आलेले नवे जिवाणू, तेही ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेतले. 'अंतराळातून आलेले जीव भारतानं पकडले!' असं म्हणायचा मोह किती मोठा! पण मार्च २००९मध्ये इस्रोनं जे पत्रक काढलं, त्यात स्पष्ट सांगितलं होतं, की खबरदारी पाहता हे जिवाणू वरच्या हवेतलेच आहेत असा विश्वास वाटतो, मात्र ते पृथ्वीबाहेरून आले हे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. काम पुढे चालू ठेवायला उत्तेजन मिळतं, एवढंच. वाऱ्या-वादळांनी, ज्वालामुखींनी खालचेच जीव वर नेले असतील, ही वाट त्यांनी बंद केली नाही. याला म्हणतात धणे हुंगून पाहणं!

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला आपल्या बायकांच्या दृष्टीनं फार महत्त्वाची वाटली. १९७६ साली अमेरिकेची दोन व्हायकिंग यानं मंगळावर उतरली. मंगळाची माती तापवून पाहिली तेव्हा क्लोरिन असलेली काही कार्बनी रसायनं निघाली. शास्त्रज्ञ म्हणाले, 'छे, ही तर आपणच यान पुसायला वापरलेल्या द्रावणाची!' आणि विषय मिटला. २००८ साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचं क्षार सापडलं. मग चिलीतल्या अटाकामा वाळवंटाची माती घेऊन त्यात परक्लोरेट मिसळून तापवून पाहिली, तर तशीच रसायनं निघाली! हे २०१०मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे जे आपल्या हाताचं म्हणून झटकलं, ते कदाचित मंगळाचंच होतं.

माझ्या मसाल्याचंही तेच झालं होतं ना? वास बिघडल्याबरोबर मी म्हटलं, माझंच चुकलं. दूध नासलं, मुलाला मार्क कमी पडले, पाहुणे रुसले, की आपण आधी स्वतःकडे बोट दाखवतो. दुसऱ्याला दोष देणं जसं न तपासता बरोबर नाही, तसं न तपासता स्वतःवर घेणंही बरोबर नाही. दोन्ही वेळा तपास राहूनच जातो. मूठभर धणे हे दोन्हीवरचं औषध आहे.

आणि शेवटची गोष्ट तर मला सोवळ्याचीच वाटली. गुरूभोवती फिरणारं गॅलिलिओ यान २१ सप्टेंबर २००३ रोजी मुद्दाम गुरूच्या वातावरणात घालून नष्ट केलं. कॅसिनीचंही तेच, १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीत. कारण? इंधन संपत आलेलं यान पुढेमागे युरोपा किंवा एन्सेलेडससारख्या चंद्रावर आदळलं असतं, तर त्यावरचे पृथ्वीचे जंतू तिथल्या पाण्यात मिसळण्याचा धोका होता. मागाहून येणाऱ्याला उखळ कोरं मिळावं, म्हणून आपलं यान जाळून टाकायचं! युरोपाकडे ऑक्टोबर २०२४मध्ये निघालेलं क्लिपर यान २०३०मध्ये गुरूपाशी पोचायचं आहे. त्याला तिथं गॅलिलिओचा कचरा लागणार नाही.

या सगळ्यानंतर भाषणाचं पहिलं वाक्य बदललं. मुलगी जरा नाराजच होती. "आई, 'सापडली' म्हटलं की टाळ्या पडतात. 'अजून ठरलेलं नाही' म्हटल्यावर कोण वाजवणार?" मी म्हटलं, "ठरव तूच." रात्री तिनं स्वतःच्या हातानं ते वाक्य खोडलं.

स्पर्धेत तिचा नंबर आला नाही. पहिला नंबर ज्या मुलाला मिळाला, त्यानं भाषणात परग्रहवासी तबकडीतून उतरवले होते! मुलगी घरी येऊन गप्प बसली. सासूबाई तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "त्याच्या मसाल्यात दुसऱ्याची मूठ होती गं. वास झणझणीत येतो, पण टिकत नाही." तेव्हा कुठं ती हसली.

जाता जाता, सुट्टीत मुलांकडून एक करून घ्या. तीन सारख्या काचेच्या बाटल्या आणि झाकणं पाण्यात चांगली उकळा. तिन्हींत भाताची गरम पेज ओता. एक लगेच घट्ट बंद करा. दुसरी उघडी ठेवा. तिसरीतली पेज निवल्यावर तिच्यात बोट बुडवून झाकण लावा. रोज नुसतं बाहेरून पाहून वहीत लिहायचं. कुठली आधी बिघडते, आणि बंद बाटलीतली बिघडलीच तर का, याचा मुलांनाच शोध घेऊ द्या. चाखायचं मात्र काही नाही, आणि आठवडाभरानं आपण स्वतः ओतून बाटल्या साबणानं धुवायच्या.

परवा मी पुन्हा गल्लीत गेले. थोडाच मसाला नव्यानं केला होता. रांगेत नंबर आल्यावर पिशवीतून आधी मूठभर धणे काढले. मागची बाई म्हणाली, "हे काय हो?" मी म्हटलं, "थांबा, वास घ्या." पहिल्या मुठीला बडीशेपेचा वास आला. दुसरी मूठ घातली. ती नुसत्या धण्यांची निघाली.

मागच्या बाईनं लगेच आपल्या पोत्यातले धणे चाचपायला सुरुवात केली.